रोममध्ये राहायचं कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर वर्षी होळी झाली की पुण्याहून, ठाण्याहून फोन सुरू होतात. "मे महिन्यात येतोय आम्ही रोमला, पाच रात्री. कुठल्या भागात राहू?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य येतं, "कलोसियमच्या जवळच बघतोय."

नऊ वर्षं इथे राहतेय, पण या प्रश्नाचं उत्तर मला सासू-सासऱ्यांच्या पायांनी शिकवलं. आमचं घर दीड खोलीचं, शहराच्या दक्षिणेला. ते दोघं पहिल्यांदा आले तेव्हा हौसेने मी त्यांना चार रात्रींसाठी त्रास्तेवेरेमध्ये जागा घेऊन दिली. त्रास्तेवेरे म्हणजे तेवेरे नदीच्या पलीकडचं. फोटोत गेरूच्या रंगाच्या भिंती, त्यावर चढलेला वेल, गल्लीत वाळत घातलेले कपडे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. चालेल म्हटलं.

टॅक्सीने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. इथल्या जुन्या रस्त्यांवर सांपिएत्रीनी असतात, म्हणजे काळ्या दगडाचे तळहाताएवढे ठोकळे, मधे फटी. त्यावरून चाकांची बॅग ओढली की गल्लीभर खडखडाट होतो. भाजणी आणि गोडा मसाला भरलेल्या तेवीस किलोच्या बॅगेचं एक चाक दुसऱ्याच वळणावर निखळलं. मग अठ्ठ्याहत्तर पायऱ्या. मी मोजल्या नाहीत, आईंनी मोजल्या. रात्री खाली दोन वाजेपर्यंत गप्पा, गिटार, ग्लासांचा किणकिणाट, आणि जरा डोळा लागतोय तोवर रिकाम्या बाटल्या उचलणारी गाडी. सकाळी बाबा चहाचा कप घेऊन एवढंच म्हणाले, "विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर खोली घेतल्यासारखं आहे गं हे."

पण खरी चूक कळली ती दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला. पँथिऑन बघून झालं होतं, ऊन डोक्यावर होतं, आईंचे गुडघे बोलायला लागले होते. घरी जाऊन जरा पडू म्हटलं तर त्या म्हणाल्या, "वर चढले की आज मी परत खाली यायची नाही." तसंच झालं. ज्या संध्याकाळसाठी ती जागा घेतली होती, ती संध्याकाळ त्यांनी खिडकीतून बघितली.

तेव्हापासून मी कलोसियमपासूनचं अंतर विचारतच नाही. जुनं रोम तसं लहान आहे. कलोसियमपासून व्हॅटिकनपर्यंत रमतगमत चालत तासाभरात पोचाल. मी विचारते, दुपारी दोन ते पाच तुम्ही कुठे असाल? सकाळी आठला रांगेत उभं राहिलेला माणूस दोनला संपलेला असतो. त्याला घरी येऊन अंघोळ करून आडवं होता आलं, तर सहाला तो नव्याने बाहेर पडतो, आणि रोम सहानंतरच खुलतं. नाही आलं, तर तो कुठल्या तरी पायऱ्यांवर बसून काढतो. त्यातही स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो.

हा हिशेब लावला की मोंती आवडायला लागतं. कलोसियम पाच-दहा मिनिटांवर, मेट्रो हाताशी, आणि तरी गल्ल्या माणसांच्या. प्राचीन काळी ही सुबुरा, दाटीवाटीची गरीब वस्ती. ज्युलियस सीझर इथेच वाढला असं सांगतात. सम्राट ऑगस्टसने आपला फोरम, म्हणजे भव्य सार्वजनिक चौक, बांधला तेव्हा या वस्तीतल्या आगी तिकडे पोचू नयेत म्हणून मागे तीसेक मीटर उंच दगडी भिंत घातली. ती आजही उभी आहे, आणि आपण बरोबर तिच्या चुकीच्या बाजूला राहतो याची मला गंमत वाटते. संध्याकाळी चौकातल्या कारंज्याच्या पायऱ्यांवर सगळी तरुण मंडळी बसलेली असतात. फक्त हा भाग चढउताराचा आहे आणि महाग आहे. दोन-तीन रात्रीच असाल तर खुशाल घ्या.

आईवडील बरोबर असतील तर प्राती. व्हॅटिकनच्या शेजारचा, १८७० नंतर इटलीच्या नव्या सरकारच्या काळात आखलेला भाग. सरळ रस्ते, रुंद फुटपाथ, लिफ्ट असलेल्या इमारती. पोपशी तेव्हा सरकारचं भांडण होतं, म्हणून रस्ते मुद्दाम असे काढले की कुठूनही सेंट पीटर्सचा घुमट दिसू नये, असं इथले लोक सांगतात. रात्री नऊनंतर प्राती जांभया देतं. आईवडिलांना ते चालतं.

तेर्मिनी स्टेशनच्या आजूबाजूला राहू नका असं सगळे सांगतात. मी तितकी कडक नाही. फ्लोरेन्सला, नापोलीला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर सोय तिथलीच. स्टेशनला खेटून नको, जरा पुढे एस्क्विलीनोत पियात्सा व्हित्तोरियोच्या बाजूला घ्या. चौकाला चारही बाजूंनी कमानी, त्यामुळे पावसातही चालता येतं. जवळच्या मंडईत बांगलादेशी भाजीवाले आहेत. कोथिंबीर, भेंडी, आपली तिखट मिरची सगळं मिळतं. बरोबर लहान मूल असेल आणि त्याला चौथ्या दिवशी वरणभात हवा असेल, तर ही मंडई कुठल्याही कारंज्यापेक्षा मोलाची.

आणि आता माझं लाडकं. आई-बाबा दुसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना तेस्ताच्चोला ठेवलं.

तेस्ताच्चो पर्यटकांच्या यादीत खाली असतं. जुन्या कत्तलखान्याभोवती वाढलेली ही कामगारवस्ती. कत्तलखाना १९७५ मध्ये बंद झाला, आता तिथे प्रदर्शनं भरतात. वस्तीला नाव मिळालं ते खापरांवरून. रोमन काळात स्पेन, आफ्रिकेहून ऑलिव्ह तेलाचे मातीचे रांजण नदीवाटे यायचे. तेल मुरलेला रांजण पुन्हा वापरता येत नाही, म्हणून फोडून एका जागी रचायचे, खवट वास मारायला वर चुना टाकायचे. रचता रचता तिथे पस्तीस मीटरची टेकडी झाली. पाच कोटींच्या आसपास रांजण असतील असा अंदाज आहे. पुढे लोकांनी त्यात गुहा खणून दारू थंड ठेवली. आज त्यांत हॉटेलं आहेत आणि काचेमागे ती खापरं दिसतात. कचऱ्याची टेकडी एवढी नीटनेटकी असू शकते, हे बाबांना कितीतरी दिवस पटत नव्हतं.

फ्युमिचीनो विमानतळावरून साधी लोकल थेट ओस्तिएन्से स्टेशनला येते. तिथून तेस्ताच्चो सपाट रस्त्याने चालत पंधरा मिनिटं, तेर्मिनीची गर्दी बघायलाच नको. पिरामिदे मेट्रोवरून कलोसियम दोन स्टेशनं. घराखाली बार, बेकरी, समोर बाग, बागेत पत्ते खेळणारे आजोबा. दुपारी परत येणं म्हणजे बदलापूर गाठणं नव्हे.

सकाळची मंडई आईंची झाली. फेब्रुवारी होता. भाजीवाल्या बाई पुंतारेल्ले करत बसल्या होत्या. ही एक कडसर पालेभाजी. तिचे पोकळ कोंब तारांच्या जाळीतून दाबून बारीक चिरायचे आणि गार पाण्यात टाकायचे. पाण्यात पडल्या पडल्या त्या काड्या सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या छिलक्यांसारख्या गोल वळतात. आई दहा मिनिटं नुसत्या बघत उभ्या होत्या. मग पाव किलो घेतलं. इथे ते लसूण आणि अँचोव्ही मासळी कुटून खातात. आमच्याकडे त्यावर लिंबू, मीठ, साखर आणि दाण्याचं कूट पडलं. शाकाहारी असाल तर हॉटेलात "सेन्झा आलीची", म्हणजे मासळीशिवाय, असं सांगायला विसरू नका. मंडई रविवारी बंद असते.

तेस्ताच्चोत जागा कमी मिळतात, आणि ज्या मिळतात त्या कुणाच्या तरी घरातून कमी झालेल्या असतात. आमच्या ओळखीच्या एका आजींच्या जिन्यात आता सहापैकी चार दारांना नंबरचं कुलूप आहे, म्हणजे ती घरं आता पर्यटकांना भाड्याने जातात. म्हणून मी आताशा लहानसं हॉटेल किंवा मालक स्वतः राहतो अशी खोली सुचवते. शहराचा माणशी, दर रात्रीचा कर वेगळा द्यावा लागतो, तो धरून चाला.

दोन गोष्टी मात्र कुठेही राहिलात तरी मिळतील. रस्त्यातल्या लोखंडी नळांचं पाणी अहोरात्र वाहतं आणि ते पिण्याचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. आणि फोनवर लाजत लाजत विचारला जाणारा तो दुसरा प्रश्न, संडासात धुवायला पाणी असतं का? होय, असतं. इथे १९७५ च्या नियमानुसार प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुण्यासाठी नळ असलेलं बसकं भांडं, बसवावंच लागतं. लंडन-पॅरिस करून आलेली आमची एक मामी ते बघून अक्षरशः खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चला, सुधारलेला देश आहे."

बाकी मे महिना म्हणत असाल तर आत्तापासूनच बघायला लागा. पैसे भरायच्या आधी मालकाला विचारा, लिफ्ट आहे का. तो हो म्हणाला, तर त्यात बॅगेसकट माणूस मावतो का, तेही विचारा.