बँकॉकच्या गल्लीत वास्त्याची भाजी

विदर्भातून थायलंडला निघणाऱ्या धम्मसहलींत आचारी सोबतच असतो. आमच्याही होता. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-पोळी, रात्री पुन्हा तेच. आमच्या बसमधल्या निम्म्याहून जास्त बाया साठीच्या पुढच्या, त्यांच्या पोटाला जपायचं तर ही सोय उत्तमच. पण आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले, पिढ्यान्‌पिढ्या धान लावणारे. धानाच्या मुलखातून निघायचं, धानाच्याच दुसऱ्या मुलखात जायचं आणि तिथला भात तोंडात न घालता परतायचं, हे मला काही पटेना. म्हणून एका संध्याकाळी आई, मामा आणि मी असे तिघं बससोबत हॉटेलात न परतता मागे थांबलो.

सहलीचं मूळ कारण आई. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, बाबासाहेबांकडून दीक्षा घेतली होती. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी. बँकॉकच्या वाट फो विहारातला निजलेला बुद्ध पाहायचा, ही तिची जुनी इच्छा. नागभीड, भिवापूर, उमरेड, नागपूर असं गाडीनं, मग कोलकाता, आणि तिथून साधारण अडीच तासांत बँकॉक. घड्याळ दीड तास पुढं करायचं. ४६ मीटर लांबीची ती मूर्ती पाहिली. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत, आई त्या तळव्यांपाशी बराच वेळ हात जोडून उभी होती. मूर्तीबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला त्या संध्याकाळच्या जेवणाबद्दल लिहायचं आहे.

मोठ्या रस्त्यावरून आत जाणाऱ्या गल्लीत ते दुकान होतं. खानावळच म्हणा. वर करायचं लोखंडी शटर, आत घडीची पाचसहा टेबलं, प्लास्टिकची स्टुलं. भिंतीवर राजाची तसबीर. कोपऱ्यात एक छोटं देवघर आणि त्यात लाल शीतपेयाची बाटली ठेवलेली. असं तिकडे घरोघरी, दुकानोदुकानी दिसतं. बाहेर फुटपाथवर कोळशाची शेगडी आणि तिच्यावर बांबूच्या चिरलेल्या काड्यांत अडकवलेली कोंबडी भाजत होती. जेवायला बसलेले लोक टॅक्सीवाले, बांधकामावरचे मजूर, आणि शेजारच्या दुकानातून सुटून आलेल्या दोन पोरी. पर्यटक म्हणावा असा एकही नाही. मला तिथंच बसायचं होतं.

दुकान इसानचं होतं. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, लाओसला लागून असलेला. देशातला सर्वांत मोठा भातपट्टा आणि सर्वांत गरीब भागांपैकी एक. शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर, वर्षाला एकच पीक. रोवणी पावसाळ्यात, कापणी नोव्हेंबरच्या आसपास. हाताला काम नसलं की माणसं बँकॉकला येतात, टॅक्सी चालवतात, बिल्डिंगा बांधतात, खानावळी टाकतात. आपल्या झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगल-धानपट्ट्यातले लोक धान निघाल्यावर मिरची तोडायला तेलंगणात जातात, तसंच हे. त्यामुळे बँकॉकमध्ये स्वस्त आणि चवीचं खायचं असेल तर इसानी खानावळ शोधावी. कामकरी माणूस रोज जेवतो त्या जागेत भाव वाढवता येत नाही आणि चव बिघडवताही येत नाही.

खानावळवाली बाई पन्नाशीची असेल. भाषेचा प्रश्न होता, पण मोबाइलवर भाषांतर करणारं ॲप होतं आणि निम्म्या गोष्टी बोटांनी सांगता येतात. मी काचेच्या कपाटातली कच्ची पपई दाखवली, तिनं आधी बोटं वर केली: मिरच्या किती? आईनं पाच दाखवल्या. बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तीनच टाकल्या.

ती पपईची कोशिंबीर, सोम तम, समोर बसून करताना पाहावी. पपई हातात धरून सुरीनं तिच्यावर उभे घाव घालायचे, मग वरचा थर खरडून काढायचा, की लांब लांब काड्या पडतात. किसणीला हातच लावायचा नाही. उंच मातीचं उखळ, लाकडी मुसळ. आधी लसूण आणि मिरची ठेचायची, मग ताडाचा गूळ, लिंबू, माशाचा खारा रस, सुके झिंगे, चवळीच्या लांब शेंगा, टमाटे, शेवटी पपई. पपईवर मुसळ हलकेच पडतं, दुसऱ्या हातातल्या चमच्यानं ती वरखाली करत राहायचं. पपईचा लगदा होता कामा नये, तिनं फक्त रस प्यायला हवा. आंबट, खारट, गोड, तिखट एकाच घासात, आणि त्यामागून सुक्या झिंग्याचा वास. भिवापुरी मिरची खाऊन वाढलेल्या आईच्याही कपाळावर घाम आला, पण हात थांबला नाही.

मग भात आला. बांबूच्या झाकणाच्या छोट्या टोपल्यांत, प्रत्येकाला वेगळा. आपल्याकडे बुरड विणतात तशीच घट्ट वीण. आतला भात चिकट, वाफाळता, दाणा दाणा वेगळा दिसतो पण एकमेकांना सोडत नाही. हा तांदूळच निराळा. साध्या तांदळात स्टार्चचे दोन प्रकार असतात, त्यातला अमायलोज नावाचा प्रकार या जातीत जवळपास नसतोच, म्हणून शिजल्यावर तो असा चिकटतो. हा पाण्यात शिजवत नाहीत. रात्रभर भिजवतात आणि बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत घालून, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून, नुसत्या वाफेवर करतात. मध्ये एकदा टोपलीला झटका देऊन अख्खा गोळा उलटवायचा. बाईनं तो झटका आईला करून दाखवला.

हा भात हातानंच खायचा. बाकीचं थायी जेवण चमचा-काट्यानं चालतं, इसानी भात मात्र उजव्या हातात घेऊन, बोटांनी दाबून छोटा गोळा करायचा आणि कालवणात बुडवायचा. सहलीत हॉटेलात चमच्यांशी अवघडून बसणारी माझी आई इथं पहिल्यांदा मोकळी होऊन जेवली. शेजारच्या टेबलावरचा टॅक्सीवाला तिच्याकडे पाहून हसला आणि त्यानं आपल्या पानातला भाजल्या मिरचीच्या चटणीचा वाटाच इकडे सरकवला.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते यानंतर आलं. एका वाटग्यात गर्द हिरवा, जवळजवळ काळा रस्सा. आईनं बोटांनी एक तुकडा काढला, चावला, आणि म्हणाली, ‘‘बाई, हे त आपले वास्तेच होत!’’

वास्तेच होते. बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात आमच्याकडे जंगलातून आणतात, बाजारात बाया पानांवर ढीग लावून विकतात. कच्चा वास्ता खाता येत नाही, त्यात विषारी अंश असतो, कडूही असतो. म्हणून बारीक चिरून भिजवायचा, उकळायचा, पाणी फेकायचं. आमच्या घरी मग चण्याची डाळ किंवा सुके झिंगे घालून भाजी. इसानातही उकळून पाणी टाकतातच, पण पुढे एका रानवेलीच्या पानांचा चोळून काढलेला हिरवा रस घालतात, त्यानं उरलेला कडूपणा मरतो. भिजवलेला तांदूळ वाटून रस्सा दाट करतात. भोपळा, अळिंबी, तुळशीच्या जातीचा एक लिंबाच्या वासाचा पाला, आणि चवीला आंबवलेल्या माशाचं पाणी. तो मासा मीठ आणि तांदळाचा कोंडा लावून महिनोन्‌महिने मुरवलेला असतो. त्याचा वास जोरदार आहे, काहींना नको होईल. मामा तलावाच्या माशांवर वाढलेले, पण त्यांनी आता मांस-मासे सोडले आहेत. ते नुसता भात आणि काकडी घेऊन बसले होते.

शाकाहारी वाचकांसाठी इथंच सांगते. थायी स्वयंपाकात भाजीतही माशाचा रस किंवा झिंग्याची गोळी असते, त्यामुळे ‘भाजी द्या’ म्हणून भागत नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर काढलेली दुकानं शोधायची. तिथं मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, लसूण-कांदाही नसतो. मामांना दुसऱ्या गल्लीत असंच एक दुकान सापडलं. भातावर दोन भाज्या, पन्नास बाट. ते तिथून खूश होऊन आले.

आईला वास्त्याचं नवल वाटत होतं, मला दुसऱ्याच गोष्टीचं. ही भाजी आमच्या घरी पाहुण्यांना वाढत नाहीत. पाहुणा आला की पनीर आणतात, नाहीतर कोंबडा कापतात. वास्ते, तरोटा, अंबाडी, सुके झिंगे हे घरच्यापुरतं, जरासं दडवून खायचं. आईलाही तेच जाणवलं असणार, कारण ती हळूच म्हणाली, ‘‘आपन पावन्याले हे कदी वाढलो नाही.’’ आणि इथं एवढ्या मोठ्या राजधानीत, एक शेतकरीण तीच भाजी दारात पातेलं ठेवून विकते, आणि शहर येऊन खातं. तिला त्याची लाज नाही. उलट मी दुसऱ्यांदा वाढायला सांगितल्यावर तिचा चेहरा फुलला.

गर्दी ओसरल्यावर ती आमच्या टेबलाशी येऊन बसली. मी मोबाइलवर आमच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, रोवणीचा फोटो दाखवला. मग काय, धानाच्या बोलण्याला अंतच नाही. तिचं गाव रोई एत प्रांतात, जिथला मोगऱ्याच्या नावाचा सुवासिक तांदूळ जगभर जातो. शेत आता भाऊ करतो. रोवणीला माणसं मिळत नाहीत म्हणून तिकडेही पेरूनच टाकतात. आमच्याकडच्या आवत्यासारखं. हे ऐकून मामांनी मोठा उसासा सोडला. मजुरीचं दुखणं दोन्हीकडे तेच.

त्या सुवासिक तांदळाची कथा मला आधीपासून माहीत होती, ती तिथं बसून पुन्हा आठवली. १९५० च्या सुमारास थायलंडमध्ये शेतकऱ्यांच्या शेतांतून लोंब्या गोळा करून त्यांच्या ओळी लावल्या, त्यातली १०५ क्रमांकाची ओळ सरस निघाली आणि १९५९ मध्ये ती जात सरकारनं शेतकऱ्यांना दिली. आजही तिच्या नावात १०५ आहे. आणि आमच्या तालुक्यात? नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये स्वतःच्या बांधीत त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या, त्या जपून वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी एचएमटी धान काढलं. नाव मनगटी घड्याळावरून. शिक्षण थोडं, जमीन थोडी. तो तांदूळ पुढं देशभर गेला, दादाजी मात्र २०१८ मध्ये गेले ते हलाखीतच. मी हे जमेल तसं ॲपमधून सांगितलं. बाईनं मान हलवली आणि विचारलं, मग तुमच्याकडे त्यांचा भात कुठल्या दुकानात मिळतो?

मला उत्तर देता आलं नाही. नागभीड ते नागपूर रस्त्यावर धाबे पुष्कळ आहेत. पनीर, शेवभाजी, तंदुरी रोटी, आणि संध्याकाळी गाडीवर चाऊमीन. धानपट्ट्याच्या ऐन मध्यात बसून आमचा भात, तलावाचे मासे, वास्ते, अंबाडीची चटणी असं ताट मागितलं तर मिळत नाही. माजी मालगुजारी तलाव आहेत, बोड्या, म्हणजे छोटी तळी आहेत, जंगल आहे, ताडोबाला जाणारे पर्यटक आहेत. ते नाश्त्याला इडली खाऊन जातात. मला हे मनापासून खटकतं, आणि त्या दिवसानंतर जास्तच.

बिल आलं. पपईची कोशिंबीर, वास्त्याचा रस्सा दोनदा, भाजलेली अर्धी कोंबडी, भाताच्या टोपल्या, बर्फाचं पाणी. सगळं मिळून अडीचशे बाटच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे सहाशे-साडेसहाशे रुपये.  निघताना आईनं पिशवीतून घरच्या लाल मिरचीची पुडी काढून बाईच्या हातात दिली, आणि बाईनं भाजलेल्या चिकट तांदळाचं पीठ बांधून दिलं. चिरलेल्या मांसावर ते भुरभुरतात, खमंग लागतं.

परत आल्यावर आईनं हा विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीत काढला. आठवडी बाजाराच्या दिवशी ताट लावायचं: भात, वास्ते, झिंग्याची चटणी, अंबाडीचं शरबत. वास्ते पावसाळ्यातच मिळतात, म्हणून इसानातल्यासारखे उकळून बरण्यांत भरून ठेवता येतील का ते दोघीजणी करून पाहत आहेत. पहिल्या बरण्या आंबट झाल्या, पण आंबट वास्तेही तिकडे आवडीनं खातात, असं मी त्यांना सांगितलं. भात एचएमटीचा ठेवायचा की चिन्नोरचा, यावर गटात अजून एकमत नाही. चिन्नोरला वास आहे पण महाग पडतो, आणि ताट ऐंशी रुपयांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं आईचं ठाम म्हणणं आहे.