तुम्ही विचारलंत म्हणून: नॉमिनी मीच आहे, मग वारसाचा कागद कशाला?

माणूस गेल्यावर महिनाभरात हा प्रश्न येतोच. बँकेत नॉमिनी म्हणून नाव आहे, पासबुकावर छापलेलं आहे, बँकेने पैसे दिलेही. मग भाऊ म्हणतो सक्सेशन डीड (वारस कोण ते सांगणारा नोटरीसमोरचा दस्त) करू, वकील म्हणतो बहिणीच्या नवऱ्याची सही लागेल, आणि घरात अकारण कटुता येते. गोव्यात याचं उत्तर बाकी देशापेक्षा थोडं वेगळं आहे. शेजारच्या सावंतवाडीतल्या किंवा बेळगावच्या नातेवाइकांनी प्रेमाने दिलेला सल्ला इथे चुकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस. बँकेला तेवढंच हवं असतं: कोणाच्या हाती रक्कम दिली की आपली जबाबदारी संपते. मालकी ठरते ती वारसा कायद्याने. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. अपवाद आहे तो आयुर्विम्याचा. 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर विम्याची रक्कम त्यांची स्वतःची होते.

आता गोव्याचं. पोर्तुगीज नागरी कायदा इथे 1870 पासून आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा तीत अर्धा वाटा असतो, कागद कोणाच्याही नावावर असो. वारशाचा भाग आता 2012 च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्याखाली येतो. तो 2016 पासून लागू आहे.

आकड्यांत पाहू. वडिलांच्या एकट्याच्या नावावर 20 लाखांची ठेव आहे, नॉमिनी मुलगा. घरात आई, एक मुलगा, एक लग्न झालेली मुलगी. बँक 20 लाख मुलाच्या खात्यात भरेल, आणि तिचं काही चुकलं नाही. पण त्यातले 10 लाख आईचे आहेत. वारसा म्हणून नव्हे, ते आधीपासूनच तिचे होते. उरलेले 10 लाख वडिलांचा वारसा. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी सारखे, पाच-पाच लाख. मृत्युपत्र असलं तरी वडिलांना आपल्या 10 लाखांपैकी निम्म्याचीच, म्हणजे पाच लाखांचीच, मर्जीप्रमाणे विल्हेवाट लावता येते. बाकीचं मुलांचं राखीव. म्हणजे ज्या मुलाच्या हाती 20 लाख आले, त्याचे स्वतःचे त्यात पाच. हा हिशेब पहिल्याच आठवड्यात आईसमोर आणि बहिणीसमोर कागदावर मांडावा असं माझं स्पष्ट मत आहे. आई वारसांच्या क्रमात मुलांच्या मागे आहे हे ऐकून पुष्कळजण घाबरतात. तिचा अर्धा वाटा वारशाच्या बाहेर आहे, हे तिला नीट समजावून सांगा.

जावयाची सही लागते तीही याच कारणाने. मुलीच्या वाट्याला आलेलं तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या एकत्र मालमत्तेत जातं. सुनेचं तसंच. इथे अविश्वासाचा काही प्रश्न नसतो. मात्र मृताचं किंवा मुलांपैकी कोणाचं लग्न गोव्याबाहेर नोंदलेलं असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. त्यावरून कागदांची सगळी मांडणी बदलू शकते.

कामाची सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. नोंद 21 दिवसांत करायची. तेरावं झाल्यावर बघू म्हटलं तर हातात आठ दिवस उरतात. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, मग वर्षभरापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस पेडण्याचा असला आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गेला, तर पेडण्याच्या पंचायतीत ती नोंद सापडणार नाही. इस्पितळाने दिलेला कागद आणि दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेला दाखलाच लागतो.

दाखल्याच्या प्रती दहा-बारा घ्या, पण त्याआधी नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि पासबुकाशी ताडून पाहा. गोव्यात सगळ्यात जास्त कामं अडतात ती इथे. 1961 च्या आधी जन्मलेल्यांची नोंद पोर्तुगीज वळणाने झालेली आहे. शंकर एक्सने सुरू होतो, नाईकाच्या शेवटी क्यू-यू-ई येतं, प्रभूचा पोरोबो होतो, आडनावाआधी सिनाय लागतं. शाळेत नाव बदललं, नोकरीत आणखी बदललं. मग जन्मदाखल्यावरचा, लग्नाच्या नोंदीतला आणि बँकेतला माणूस एकच आहे हे दाखवणारं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते एकदाच करा आणि त्यात नावाची झाडून सगळी रूपं घाला, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचं सुद्धा. दोनच रूपं घालून केलेलं प्रतिज्ञापत्र तिसऱ्या कचेरीत निरुपयोगी ठरतं.

मोबाईल नंबर बंद करू नका. हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो. बँकेचे संदेश, विम्याच्या हप्त्याची आठवण, आयकराचा ओटीपी, सगळं त्या नंबरवर येतं. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही तर बंद पडू शकतो, म्हणून छोटं रिचार्ज करत राहा. पण त्या ओटीपीने किंवा एटीएम कार्डाने मृताच्या खात्यातून पैसे मात्र काढू नका. क्रियाकर्माच्या खर्चासाठी काढले असं कारण खरं असलं, तरी पुढे वारसांत वाद झाला की पहिलं बोट त्याच नोंदीवर ठेवलं जातं. पेन्शन किंवा गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मृत्यूनंतरही जमा झाले असतील तर तेही परत करावे लागतात. ते खात्यात तसेच राहू द्या आणि संबंधित कचेरीला लेखी कळवा.

मग पासबुक घेऊन बसा, मागच्या दोन वर्षांचं, ओळ न् ओळ. मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची रक्कम आहे, दोन लाखांचं संरक्षण. 20 रुपये वजा झाले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. खातं उघडताना कुठेतरी सही केलेली असते, घरच्यांना पत्ता नसतो आणि बँक आपणहून क्वचितच सांगते. खातं बंद करायच्या आधी हे दावे त्याच शाखेत द्या. त्याच ओळींतून लॉकरचं भाडं, दुसऱ्या विम्याचे हप्ते, एसआयपी (म्युच्युअल फंडाचे ठरलेले हप्ते), सोसायटीतली आवर्त ठेव असा सगळा पसारा उघडा पडतो. माणूस नोकरीत असताना गेला असेल, तर भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या विम्याचा अर्ज, फॉर्म 5-आयएफ, विसरू नका. ती रक्कम सात लाखांपर्यंत असते. दहा वर्षांहून जुन्या, कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्‌गम संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. तिथेही नावाची जुनी स्पेलिंगं टाकून बघा.

बँकेत तीन परिस्थिती असतात. खातं दोघांच्या नावे आणि ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ असं असेल, तर दाखला देऊन मृताचं नाव कमी होतं, एवढंच. नॉमिनी असेल तर दावा अर्ज, दाखला आणि नॉमिनीची ओळखपत्रं. तेवढ्यावर बँकेने पैसे द्यायला हवेत, वारस दाखला मागू नये. नॉमिनी नसेल तर रकमेवर अवलंबून. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत न्यायालयाचा कागद मागायचा नाही. हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना-हरकत आणि कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थाचं वारसांबद्दलचं निवेदन पुरतं. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा मिटवायचा, उशीर झाला तर व्याज द्यायचं. या निर्देशांच्या अंमलासाठी बँकांना 31 मार्च 2026 ही शेवटची तारीख दिली होती. म्हणून अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्याच. पोच नसेल तर 15 दिवस मोजायचे कुठून? मुदत ठेव मुदतीआधी मोडावी लागली तर मृत्यूच्या कारणाने दंड लागत नाही. कॅशियर लावत असेल तर व्यवस्थापकाला भेटा. पोस्टात नॉमिनी नसेल आणि वारसाचा कागदही नसेल, तर पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळते, पण मृत्यूनंतर सहा महिने थांबावं लागतं.

याहून मोठी रक्कम, शेअर, घर किंवा जमीन असेल तर सक्सेशन डीड. ते विशेष नोटरीसमोर, म्हणजे व्यवहारात सब-रजिस्ट्रार कचेरीत होतं. मृत्यूचा दाखला, मृताच्या लग्नाची नोंद, प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला, सगळ्यांची ओळखपत्रं एवढं जमवा. कुटुंबाला ओळखणारी, वारसात न मोडणारी माणसं नोटरीसमोर निवेदन करतात. नंतर त्याची नोटीस वर्तमानपत्रात येते. नावाचा घोळ आधी मिटवला असेल तर हे सरळ होतं.

पण सक्सेशन डीड फक्त वारस कोण ते सांगतं. कोणाला काय, हे सांगत नाही. त्यासाठी सगळे एकमताने वाटणीचा दस्त करू शकतात. एकमत नसेल, किंवा एखादा वारस अल्पवयीन वा बेपत्ता असेल, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी घालावी लागते. तिथे मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते, आणि वारसांमध्येच बोली लागू शकते. ज्याने घर घेतलं त्याने बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे. इन्व्हेंटरी म्हणजे भांडण, असं धरून लोक तिच्यापासून पळतात. माझ्या मते चार-पाच वारस आणि एकच राहतं घर असेल, तर तोंडी समजुतीपेक्षा ही वाट सुरक्षित आहे, कारण शेवटी प्रत्येकाच्या हातात न्यायालयाचा आदेश असतो.

मुंबईत किंवा चेन्नईत बसलेली म्युच्युअल फंडाची कचेरी कधी कधी सक्सेशन सर्टिफिकेट (न्यायालयाचा वारस दाखला) किंवा प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) मागते. तिला सक्सेशन डीडच्या प्रमाणित प्रतीबरोबर 2012 च्या कायद्याचा उल्लेख असलेलं वकिलाचं पत्र जोडा. एक फेरी वाचते.

वारस परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवा, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. आखातातल्या मुलाचा कागद घरात वर्षभर पडून राहतो, आणि ऐन दस्ताच्या दिवशी नवा मागवायची वेळ येते.

जमिनीचं पाहताना आधी एक-चौदा उतारा काढा. शहरात असाल तर फॉर्म डी. त्यावर वडिलांचं नाव असेल असं गृहीत धरू नका. डिचोली, सत्तरी, फोंड्यात अजून आजोबांची, पणजोबांची नावं आहेत. मग आधी आजोबांचा वारसा सिद्ध करायचा, त्यात आत्या आणि त्यांची मुलं आली, आणि मग वडिलांचा. नंतर फेरफारासाठी मामलेदार कचेरीत अर्ज. पंचायतीत घरपट्टी आपल्या नावावर झाली म्हणजे घर आपलं झालं, हा समज फार पसरलेला आहे. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही. वडील मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) किंवा कूळ असतील तर तो हक्कही वारशाने येतो. त्याचे जुने आदेश आणि अर्ज ट्रंकेत पिवळे पडलेले असतात, ते फेकू नका.

स्कूटर-गाडीचं लवकर उरका. वाहतूक खात्याला 30 दिवसांत कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नावावर करायचं आणि विमाही बदलायचा. तोपर्यंत अपघात झाला तर भरपाईत अडचण येते. वीज आणि पाण्याचं बिल भरत राहा, नाव सावकाश बदला.

आयकराचं शेवटी, पण पॅन लगेच परत करू नका. 1 एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं विवरणपत्र वारसाने भरायचं असतं. त्यासाठी आयकराच्या संकेतस्थळावर वारस म्हणून नोंदणी करा. तिथे बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, नॉमिनी कोण ते लिहिलेलं पत्रही चालतं, सक्सेशन डीडची वाट बघावी लागत नाही. गोव्याच्या या एकत्र मालमत्तेसाठी आयकर कायद्यात वेगळं कलम आहे; 1961 च्या जुन्या कायद्यात ते 5-ए होतं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, ठेवींचं व्याज, नवरा-बायकोत निम्मं-निम्मं दाखवायचं. त्यामुळे वडिलांचं विवरणपत्र भरताना आईचंही सोबत उघडा, नाहीतर कापलेला कर (टीडीएस) एकीकडे आणि उत्पन्न दुसरीकडे असं होतं. परतावा आला, शेवटची ठेव मोकळी झाली, फेरफाराचा उतारा हातात पडला, की मग पॅन परत करा. तो मोबाईल नंबर त्यानंतरच बंद करा.