हर्णैला बोट टाकली त्याची सगळी भानगड (माझा अनुभव)

मी राहते नाशिकला, सिडकोत, आणि माझी बोट आहे हर्णैला, दापोली तालुक्यात. सुवर्णदुर्ग किल्ला आणि डॉल्फिन दाखवायची फेरी, एवढाच धंदा. हे ऐकलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, तुम्हाला पोहता येतं का. येतं बुवा थोडंफार, पण आत्तापर्यंत त्याची गरज पडलेली नाही, गरज पडली ती झेरॉक्सची. ओळखीतले तिघं-चौघं असंच काहीतरी करायचं म्हणतायत, कुणी तारकर्लीला कुणी मुरूडला, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते.

आईचं माहेर हर्णै. मामाचा जन्म मासेमारीत गेला, आता वय झालं, पण मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, अजून समुद्रातच. मी नाशिकच्याच अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला होते, नोकरी सोडली २०२४ च्या दिवाळीनंतर. घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं, सासूबाई म्हणाल्या अगं आपल्याला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, आणि फार तर गंगापूर धरणाच्या बोट क्लबपर्यंत ठीक आहे, समुद्र कशाला. डोक्यात गणित एवढंच होतं की दर सुट्टीत नाशिकहून कसारा, पनवेल करत गाड्या भरून लोक दापोलीला जातात आणि तिथे गेल्यावर बोटीसाठी किनाऱ्यावर उभं राहून भाव करत बसतात, तर बुकिंग इथूनच, आपल्या माणसाकडून मिळालं तर का नाही घेणार. मग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात सुवर्णदुर्ग पण आणि आपल्या बागलाणातला साल्हेर पण, आणि चौकश्या एकदम वाढल्या. साल्हेर चढून आलेले ग्रुप आता यादीतले बाकीचे किल्ले पुरे करायच्या मागे आहेत, आणि सुवर्णदुर्गला बोटीशिवाय जाता येत नाही.

सगळ्यात आधी जो सल्ला मिळतो तो सांगते, आणि तो अजिबात ऐकू नका. सल्ला असा की मासेमारीची बोट घ्या, स्वस्त पडते, रंग मारा, वर ताडपत्री टाका, चार खुर्च्या ठेवा, कोण बघतंय. मासेमारीच्या बोटीचा परवाना हा मासेमारीचाच असतो, त्यावर तिकीट घेऊन माणसं बसवता येत नाहीत, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिला कागद हाच मागणार. प्रवासी बोटीला मेरीटाईम बोर्डाची नोंदणी लागते, सर्व्हे म्हणजे बोटीची तपासणी लागते, चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट लागतं. गावात सगळे त्या बोर्डाला बंदर खातंच म्हणतात. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाच्या बोटीचा तो अपघात झाला, त्यानंतर तर लाइफ जॅकेटपासून सगळ्याचीच विचारपूस कडक झाली, आणि माझी फाईल नेमकी त्याच सुमारास फिरत होती. उशीर झाला थोडा, पण मला ते बरंच वाटलं खरं सांगायचं तर.

आता मुद्द्याचं. या धंद्यात सगळं एका आकड्यावर उभं आहे, तुमच्या बोटीच्या कागदावर किती माणसं लिहून येतात तो आकडा. बोट बनवणारा सांगतो मॅडम चौदा आरामात बसतात. बसतात हो, रिक्षात पण सहा बसतात. मामा पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाय, किती बसतात ते बोट विकणारा नाय सांगत, बंदरवाला सांगतो, तू दहाचा हिशोब धर." मी प्रोजेक्ट रिपोर्ट दहावर केला, आमच्या सीएला ते पटत नव्हतं, तो म्हणे बँकेला आकडे आकर्षक दिसले पाहिजेत. पण बघा ना, तिकीट किती ठेवायचं, हप्ता निघेल का, जॅकेटं किती घ्यायची, विम्याचा प्रीमियम किती, सगळं त्या एका आकड्याला बांधलेलं. चौदावर रिपोर्ट करायचा आणि कागदावर दहा आले की पहिल्या महिन्यापासून हप्त्यासाठी जास्तीची माणसं कोंबायची पाळी येते, आणि मग जे व्हायचं तेच होतं.

कर्जाचं म्हणाल तर नाशिकच्या बँकेत मॅनेजर फार सज्जन माणूस, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडम ही बोट आम्ही जप्त कुठून करायची? हसू आलं पण मुद्दा बरोबर होता. धंदा जिथे आहे तिथल्या जवळच्या शाखेतूनच कर्ज घ्या, तिकडच्या मॅनेजरला निदान फायबर बोट आणि आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावायचं इंजिन म्हणजे काय ते माहिती असतं आणि इंजिन बोटीपेक्षा महाग का आहे हे समजावत बसावं लागत नाही. बायकांसाठी अजून एक, पर्यटन संचालनालयाचं 'आई' नावाचं धोरण आहे, २०२३ ला आलंय, महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत सरकार परत देतं. पैसे आधी आपण भरायचे, हप्ते वेळेवर गेले पाहिजेत, मग परतावा येतो. त्यामुळे पहिल्या वर्षाची सोय हाताशी ठेवूनच उडी मारा. आणि नावावर बाई आणि कारभार नवऱ्याचा असं करायचं असेल तर नका करू, विचारतात ते सगळं.

विमा हा वेगळाच तमाशा. कॉलेज रोडवरचा आमचा नेहमीचा एजंट, गाडीचा, घराचा, मेडिक्लेम सगळं त्याच्याकडे, त्याने फॉर्म उघडला आणि विचारलं वहिनी आरटीओ नंबर काय आहे. मरीन पॉलिसी म्हणजे त्याच्या लेखी जहाजातून जाणारा माल. शेवटी कोकणातलाच एजंट गाठला. बोटीचा वेगळा, प्रवाशांचा वेगळा, आणि खलाशांचा पण काढा, तो बरेच जण काढत नाहीत.

दादाचं सर्टिफिकेट हा मला सगळ्यात सोपा भाग वाटला होता. लहानपणापासून समुद्रात असलेला माणूस, त्याची कसली परीक्षा घेणार. पण ट्रॉलरवरचा अनुभव वेगळा आणि लोकांना घेऊन जाणाऱ्या बोटीवर सारंग, म्हणजे बोट चालवणारा, म्हणून सही करणं वेगळं. वय, अनुभवाचे दाखले, मेडिकल, डोळ्यांची तपासणी, त्यात लाल-हिरवा ओळखता येतो का ते नीट बघतात, कारण रात्री दुसऱ्या बोटीचा डावीकडचा दिवा लाल आणि उजवीकडचा हिरवा, त्यावरून ती कुठल्या दिशेला चाललीय ते कळतं. दादाला हे सगळं येत होतं, बोलता येत नव्हतं. समोरून बोट आली तर काय करशील, तर हा म्हणे वळवणार. कुठे वळवणार? जिकडं जागा असंल तिकडं. मग रोज संध्याकाळी मी नाशिकहून व्हिडिओ कॉलवर त्याचा मास्तर झाले, समोरासमोर आलं की दोघांनी उजवीकडे वळायचं, बाजूने आली तर कुणी थांबायचं, अकाउंट्सवाली बाई तांडेलाला, म्हणजे मुरलेल्या बोटवाल्याला, समुद्राचे नियम शिकवतेय हे बघून वहिनी मागे हसून हसून लोळायची. पास झाला पण.

सर्व्हेचा दिवस मात्र लक्षात राहील असा. बोट पाण्यात, सर्व्हेअर साहेब शांत माणूस, हातात फक्त टेप आणि पॅड. आधी सगळी मापं घेतली. मग नांगर उचलून बघितला, दोरी किती लांब ती हाताने मोजली, अग्निशामकाच्या सिलेंडरची तारीख बघितली, लाइफ जॅकेटं मोजून त्यातलं मधलंच एक उपसून त्याचे पट्टे ओढून बघितले आणि लहान मुलांची वेगळी कुठे आहेत ते विचारलं. ती होती, देवाची कृपा, मामाने मागे लागून घ्यायला लावली होती. मग गावातली पोरं बोटीत बसवली आणि सांगितलं सगळे एका बाजूला व्हा. बोट कलली, पाणी काठाच्या किती खाली राहिलं ते त्यांनी वाकून बघितलं, परत दुसऱ्या बाजूला, परत वाकून. डॉल्फिन दिसला की लोक नेमकं हेच करतात, सगळे उठून एका बाजूला, म्हणजे ते बघत होते ते अगदी रोजचं होणारं होतं. शेवटी दादाला काहीही न सांगता लाइफबॉय, ते तरंगणारं गोल कडं, पाण्यात फेकलं आणि म्हणाले माणूस पडलाय, उचला. दादाने इंजिन न्यूट्रलला टाकून वाऱ्याच्या अंगाने बोट अशी लावली की खलाशाने नुसता हात खाली घातला. साहेब काही बोलले नाहीत, पॅडवर लिहिलं. कागदावर आकडा आला, दहा प्रवासी आणि दोन माणसं बोटीवरची. मी सीएला त्याचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

हे सगळं होईपर्यंत मे संपत आला आणि मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत प्रवासी बोटी बंद. म्हणजे कागद हातात, बोट किनाऱ्यावर शाकारलेली आणि हप्ता चालू. नवीन करणाऱ्यांनी हे गणित आधी लिहून काढा, वर्षाचे आठ-नऊ महिनेच आपले, त्यातही गुढीपाडव्यानंतर दुपारी वायव्येचा वारा असा सुटतो की अकरा-बारानंतरच्या फेऱ्या निम्म्या वेळा रद्द.

पावसाळ्याचा एक उपयोग झाला, गावाशी बोलून घेतलं. हे कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं पण याच्याशिवाय धंदा उभा राहत नाही. हर्णैला आधीपासून बोटीवाले आहेत, त्यांची आपसात पाळी असते, आणि त्यात नाशिकची बाई येऊन मधेच गिऱ्हाईक उचलायला लागली तर भांडण ठरलेलं. मामा मला घेऊन बसला सगळ्यांच्यात. एक म्हातारे काका सरळ म्हणाले, तुमच्याकडं पैसा हाय, उद्या चार बोटी आणशीला, आमची पोरं काय करतील. त्यांचं चुकीचं नव्हतंच. ठरलं असं की नाशिकहून बुक होऊन येणारी माणसं माझ्या बोटीत, किनाऱ्यावर उभं असलेलं गिऱ्हाईक त्यांच्या पाळीने, आणि माझ्याकडे दहाच्या वर लोक झाले की वरचे त्यांच्या बोटीत. भाव सगळ्यांचा एकच. आता गंमत अशी की सुट्टीच्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त माणसं मी त्यांनाच देते, आणि गेल्या महिन्यात माझ्या इंजिनचा प्रॉपेलर जाळ्यात अडकला तेव्हा तेच काका बोट घेऊन ओढायला आले.

फेरीचं थोडक्यात. सकाळी आधी डॉल्फिन, म्हणजे मामाच्या भाषेत गादे, तेव्हा वारा जमिनीकडून असतो आणि पाणी सपाट. दिसला की इंजिन मंद, पाठलाग नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिन पहिल्याच अनुसूचीत आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पाठलाग केला की तो बुडी मारतो ती लांब जाऊनच वर येतो. आमच्याकडच्या लोकांना हे पटत नाही, सिन्नरचे एक काका म्हणाले जरा दाबा की गाडी. मग सुवर्णदुर्ग. बोटीतून उतरताना गुडघाभर पाणी लागतं, हे बुकिंगच्या वेळीच सांगते, तरी दर वेळी कुणीतरी बूट घालून येतंच. दरवाज्यात भिंतीवरचा मारुती बघितल्याशिवाय आत पळू नका. किल्ल्यावर सावली कमी, खायला प्यायला काही नाही, पाणी आपलं आपण न्या आणि बाटल्या परत आणा. वाटेत उजवीकडे-डावीकडे पाण्याखाली खडपं, म्हणजे खडक आहेत, ओहोटीला डोकी वर येतात, भरतीला दिसत नाहीत, दादाला ती पाठ आहेत, आणि म्हणूनच तो आजारी असला तर त्या दिवशी बोट बंद, बदली माणूस मिळत असला तरी.

गिऱ्हाईक कधी येतं ते मला आता कळायला लागलंय. दिवाळी आणि नाताळला नोकरदार, सातपूर-अंबडचे. निफाड-दिंडोरीचे बागायतदार मात्र दिवाळीत हलत नाहीत, तेव्हा बागेची कामं, ते येतात द्राक्ष खुडा आटोपल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी, मधल्या मोजक्या दिवसांत, आणि आले की अख्खं कुटुंब, मग मला हर्णैच्या त्या बोटवाल्या काकांना फोन करावा लागतो.

वेळ कशी ठरवता हे सगळे विचारतात. कॅलेंडर घ्या, तिथी बघा, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण तीच. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला भरती पूर्ण, अष्टमीला सहाच्या, पहाटे पण आणि संध्याकाळी पण, आणि त्यातून सहा तास पुढे गेलं की ओहोटी. किल्ल्यावर उतरायला चढतं पाणी चांगलं, बोट वाळूत बसत नाही. म्हणजे अष्टमीला येणार असाल तर किल्ला दुपारी, आणि वारा असेल तर नाहीच, त्या दिवशी नुसते डॉल्फिन बघून हर्णैच्या लिलावात मासळी घ्या आणि जा. ॲडव्हान्स मी पूर्ण परत देते, रेल्वेसारखं कॅन्सलेशन कापत नाही, फक्त ते दहाचे अकरा करा ना ताई, लहान मूलच आहे, असं म्हणू नका, मूल पण मोजलं जातं.