शंकू, 60 अंशांचा गुण्या आणि अंड्याचा आकार

टेक्निकलच्या ड्रॉइंग हॉलमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर, चार ठिकाणी कापलेला लाकडी शंकू असे. तुकडे खुंट्यांवर बसवलेले. वर्तुळ, विवृत्त (इलिप्स), अन्वस्त (पॅराबोला), अपास्त (हायपरबोला), चारही त्यातच. स्मरणिकेत त्याच्यावर लिहावंसं वाटलं, कारण शंकुच्छेद काढताना मुलं अजूनही त्याच जागी अडखळतात.

आकडेच घेऊ. पायाचा व्यास 60 मिमी, उंचीही 60. कडेच्या जनक रेषेचा, म्हणजे टोकापासून पायाच्या कडेपर्यंतच्या सरळ रेषेचा, पायाशी कोन 63.4 अंश. अक्षाच्या मध्यावरून 45 अंशांत छेद घेतला तर त्याचं खालचं टोक बरोबर पायाच्या कडेला टेकतं. पायाच्या वर्तुळाचे 12 भाग करायचे, 12 जनक रेषा ओढायच्या आणि छेदबिंदू टॉप व्ह्यूमध्ये उतरवायचे. दहा बिंदू मुकाट उतरतात. अक्षावर एकामागे एक झाकलेले दोन मात्र उतरत नाहीत, कारण तिथे जनक रेषाही उभी आणि प्रक्षेपाची रेषाही उभी. मग आडवा छेद घ्यायचा. 30 मिमी उंचीवर शंकूची त्रिज्या 15, तेवढंच अंतर मध्यापासून वर आणि खाली. इथे अंदाजे ठिपका दिला की शीट परत.

छेदाचा खरा आकार, म्हणजे त्याच्याकडे सरळ समोरून पाहिल्यावर दिसणारा, काढला की ते विवृत्त असतं; लांबी 56.6 मिमी भरते, रुंदी 34.6. शंकू वर निमुळता, म्हणजे छेदही वर अरुंद आणि खाली रुंद येणार, असंच कुणालाही वाटतं. ड्यूररसारख्या चित्रकारानेसुद्धा 1525 साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात तो अंड्यासारखा काढलाय! प्रत्यक्षात दोन्ही टोकं सारखीच येतात. विवृत्ताचा मध्य तेवढा शंकूच्या अक्षावर नसतो. इथे तो छेदावरून 14 मिमी खाली सरकतो. अक्षापाशी रुंदी मोजाल तर 30च भरेल.

अन्वस्तासाठी छेद कडेच्या जनक रेषेला समांतर हवा. 60 अंशांचा गुण्या लावून मोकळे होणारे पुष्कळ. 60 आणि 63.4 मधला फरक डोळ्याला जाणवत नाही, पण विकेंद्रता (वक्र किती ताणलेला ते सांगणारा आकडा, अन्वस्ताला नेमका 1) 0.97 येते, म्हणजे ते पायाने तोडलेलं विवृत्तच. कोन मोजूच नये. गुण्या जनक रेषेला लावून पट्टीवर सरकवावा. 60चाच वापरायचा हट्ट असेल तर शंकूची उंची 52 घ्या.

अपास्ताला फारसे कष्ट नाहीत. अक्षापासून 10 मिमीवर उभा छेद, माथा 40 मिमी उंचीवर. आणि तो बघायला लाकडी शंकूही लागत नाही. षट्कोनी पेन्सिल शार्पनरमधून काढली की रंगाच्या कडेला सहा कमानी दिसतात, ते सहा अपास्त. पेन्सिलीची प्रत्येक बाजू अक्षाला समांतर असते ना. ब्लेडने तासलेल्या पेन्सिलीवर त्या शोधू नका, तो शंकूच नसतो.