मामा-भाच्यांची दोन रिळं

दसरा उलटला की समुद्रकाठच्या खडपावर मासे गरवणाऱ्यांची रिळं, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायची यंत्रं, माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर साचायला लागतात. बहुतेकांची तक्रार दोन शब्दांची असते: "फिरत नाही." गेल्या हंगामात कोजागिरीचं उधाण ओसरल्यावर एक मामा-भाचे आले. दोघं रत्नागिरीत एकाच खडपावर शेजारी उभे राहून गरवणारे. खारं वारं तेच, लाटेचा फवारा तोच.

मामांचं रीळ पाच हंगाम चाललेलं. ॲल्युमिनिअमची बॉडी, पाच बेअरिंग, पाणी अडवणारं सील कुठेच नाही. भाच्याचं दोनच हंगामांचं, किंमत मामांच्या रिळाच्या तिपटीहून जास्त, खोक्यावर 'आयपीएक्स ६' हा पाणी रोखण्याचा दर्जा आणि बारा बेअरिंग. मामांचं फिरत होतं, फक्त बेल, म्हणजे दोरीला वळण देणारी तारेची कमान, बंद होताना कुचराई करत होती. भाच्याचं हँडल अर्ध्या फेरीला अडकायचं आणि जोर लावला की आतून वाळू दळल्यासारखा आवाज यायचा.

"काका, मी रोज घरी आल्या आल्या धुतो हो," भाचा म्हणाला. "मामा तर नुसता ओल्या फडक्याने पुसतो."

धुणाऱ्याचं रीळ बसलं आणि पुसणाऱ्याचं चालू राहिलं, म्हणून दोन्ही एकाच वेळी शेजारी शेजारी उघडायचं ठरवलं.

सुट्या भागांसाठी मी आप्पेपात्र वापरतो. एका खळग्यात एका टप्प्याचे भाग, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. मुख्य गिअरच्या बाजूला कागदाइतक्या पातळ चकत्या असतात, त्यातली एक जरी चुकीच्या बाजूला गेली तरी गिअर घासायला लागतो. स्क्रू ड्रायव्हर जपानी जेआयएस मापाचे. जपानी रिळाच्या स्क्रूला साधा फिलिप्स लावला की तो वर उचलला जातो आणि डोक्याची खाच खाऊन टाकतो.

भाच्याच्या रिळाचा पहिलाच स्क्रू हलेना. स्टीलचा स्क्रू, हलक्या धातूची बॉडी आणि दोघांच्या मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात झिजतो तो हलका धातू. मॅग्नेशिअम सगळ्यात लवकर, मग ॲल्युमिनिअम. झिजलेल्याची पांढरी पूड फुगते आणि स्क्रूला आवळून धरते. अशा वेळी ताकद लावायची नाही. सोल्डरिंगची गरम टोक असलेली कांडी स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरायची, गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडायचा, गार होऊ द्यायचं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला स्क्रू सुटला.

बाजूची प्लेट उचलली आणि आतून पाणी आलं. चहाचे दोनेक चमचे, तांबूस-करड्या रंगाचं, वर ग्रीसचा तवंग. भाचा बघतच राहिला. त्यातला एक थेंब काचेवर घेऊन दिव्याखाली ठेवला. पाच-सहा मिनिटांत पाणी उडालं आणि कडेला पांढरे चौकोनी दाणे उरले. मीठच.

"पण हे सील्ड आहे ना?"

आहे. पण आयपीएक्स ६ ची परीक्षा असते ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची. साडेबारा मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटर पाणी सगळ्या बाजूंनी मारतात. पाण्यात बुडवून ठेवण्याची परीक्षा वेगळी, तिचा आकडा ७: एक मीटर खोल, अर्धा तास. सहा पास झालं म्हणजे सात पास झालं असं नाही. शिवाय ही परीक्षा गोड्या पाण्यात आणि नव्या मालावर होते. दोन हंगाम खाऱ्यात फिरलेल्या सीलच्या ओठावर मिठाचे कण बसून ओरखडे पडलेले असतात, त्याची त्यात गणती नाही.

मग विचारलं, धुतोस कसा? उन्हातून बाइकवर रीळ आणायचं, घरी आल्यावर सरळ बादलीत बुडवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, वर नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धार मारायची. घोटाळा इथेच होता. काळं रीळ उन्हात हाताला चटका बसण्याइतकं तापतं. आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते. गार पाण्यात बुडवताच उरलेली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. बादलीतलं पाणीही पहिल्या मिनिटापासून खारट झालेलं, कारण रिळाच्या अंगावरचं मीठ त्यातच विरघळलं. सील नसलेल्या रिळात गेलेलं पाणी निदान निथळतं, सुकतं. सील्ड रिळात शिरलेलं पाणी कोंडून राहतं. दोन हंगाम ते आतच होतं.

नुकसान बघताना मी लाइन रोलरपासून, म्हणजे दोरी ज्यावरून वळते त्या चिमुकल्या चाकापासून, सुरुवात करतो, कारण खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी तोच मरतो. दोरी भिजून येते आणि तिचं पाणी थेट रोलरवर पिळलं जातं. त्यातलं बेअरिंग एवढंसं: आतलं छिद्र ४ मिमी, बाहेरचा व्यास ७ मिमी, जाडी २.५ मिमी. भाच्याचं ते गंजून दगड झालं होतं. रोलर फिरत नव्हता, त्यामुळे ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी) एकाच जागी घासून तिने रोलरवर केसाएवढी खाच पाडली होती. नखाने चाचपली तर लागत होती. "मागच्या महिन्यात दोन तांबोशी तोडून गेल्या," भाचा म्हणाला. त्याला वाटत होतं लाइन खराब निघाली. लाइनचे शेवटचे पाच-सहा मीटर हातातून ओढले तर पिंजल्यासारखे लागत होते. ते कापून टाकले.

आत मुख्य गिअर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा. दातांवर पांढरी पूड आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे. त्याला जुळणाऱ्या छोट्या पितळी गिअरवर, पिनियनवर, हिरवट डाग, पण दात शाबूत. उलट फिरणं रोखणाऱ्या क्लचमधले बारीक रोलर गंजून जागेवर बसलेले. बारापैकी सात बेअरिंग हाताला खरखरीत लागली. रीळ घेताना बारा हा आकडा फार भारी वाटतो, पण खाऱ्या पाण्याच्या रिळात बेअरिंग वाढलं की गंजायची जागा वाढते. पाचच असोत, पण स्टेनलेस आणि बाजू झाकलेली असोत.

मामांचं रीळ उघडायला पाच मिनिटं लागली. ग्रीस जुनं, मधासारखं घट्ट, पण गिअरवर सगळीकडे चिकटून. स्पूल, म्हणजे दोरीची फिरकी, वरखाली करणारी यंत्रणा साधी, एका गिअरला जोडलेला सरकता ठोकळा. भाच्याच्या रिळात त्याच कामासाठी पेचदार दांडा, त्यावर फिरणारी खिट्टी, दोन मार्गदर्शक सळ्या आणि जास्तीचे गिअर. पेचदार दांड्याने लाइन जास्त सारखी गुंडाळली जाते हे खरं. पण त्या खाचेत मिठाचा एक खडा अडकला की खिट्टी झिजते. मामांच्या रिळात दोष फक्त बेलच्या स्प्रिंगचा निघाला, ती मी बदलून दिली. ड्रॅगचे, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी ब्रेक लावत सोडणाऱ्या यंत्रणेचे, वॉशर कार्बनचे होते, नवं ग्रीस लावून तसेच बसवले. फेल्टचे असते तर पाच हंगामांत खारं पाणी पिऊन दबून गेले असते.

भाच्याच्या रिळाची सफाई मात्र दोन तास चालली. बरेच जण उघडल्या उघडल्या रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलने ग्रीस सुटतं, पण मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही. म्हणून आधी कोमट गोडं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, पाणी तीनदा बदलून. मग धातूचे भाग रॉकेलमध्ये, जुन्या दातघासणीने दात न् दात. मग पुन्हा साबणपाणी, फडक्यावर सुकवणं आणि पंख्याखाली तासभर. बसवताना गिअरवर मरीन ग्रीस, बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब. क्लचला ग्रीस अजिबात नाही, कारण ग्रीसने त्यातले रोलर चिकटतात आणि मासा लागल्यावर हँडल उलटं सुटतं. तिथे पातळ तेलाचा पुसट हात, एवढंच.

मुख्य गिअर, क्लच आणि सात बेअरिंग बदलायलाच हवी होती. खर्च सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मग नवीनच घेतो. कुठलं टिकेल ते सांगा."

त्याच्या हातात मी मामांचं बंद केलेलं रीळ दिलं आणि दुकानात काय बघायचं ते त्यावरच दाखवलं. स्पूल काढून खाली शाफ्ट धरून हलवायचा, बाजूला हलता कामा नये. रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरणारा भाग, मागे-पुढे ढकलायचा, हँडल न फिरवता तो जरासुद्धा मागे यायला नको. हँडल थेट गिअरमध्ये पेचाने बसणारं असावं. टोपी आवळून धरलेलं घडीचं हँडल वर्षभरात डुगडुगायला लागतं. लाइन रोलरचा स्क्रू सुटतो का आणि आत बेअरिंग आहे का, हे बघायचं. आणि दुकानदाराला सरळ विचारायचं, क्लच, बेलची स्प्रिंग आणि ड्रॅगचे वॉशर सुटे मिळतील का? नाही म्हणाला तर ते रीळ कितीही सुंदर फिरो, घ्यायचं नाही. या एका प्रश्नाला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन देतो.

खोक्यावरचा ड्रॅगचा आकडा माणसाला फसवतो. खाडीतल्या चोणकाला आणि तांबोशीला ४००० किंवा ५००० मापाचं रीळ आणि पीई २ लाइन (पीई हे दोरीच्या जाडीचं माप) पुरते. उघड्या खडपावर गोबऱ्यासाठी ६००० आणि पीई ३. समजा लाइन ४० पौंडांची, म्हणजे साधारण १८ किलोची. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्शावर लावतात, म्हणजे साडेचार किलो. मग पंधरा-वीस किलोच्या ड्रॅगसाठी जास्तीचे पैसे का मोजायचे? मात्र तेवढ्या साडेचार किलोला बॉडी वाकता कामा नये. ग्रॅफाइटची बॉडी गंजत नाही हा तिचा मोठा गुण, पण स्वस्त, पातळ ग्रॅफाइट ओढीखाली पिळलं जातं आणि गिअरचे दात तिरके बसून झिजतात. खडपासाठी मी ॲल्युमिनिअमच सांगतो. दायवाचं बीजी किंवा पेनचं बॅटल या जातीची धातूच्या बॉडीची रिळं मला उघडायला सोपी वाटतात.

सील्ड रीळ वाईट असं मी म्हणत नाही. लाट अंगावर घेत उभं राहणाऱ्याला ते हवंच. पण त्याला दर हंगामाला एकदा उघडावं लागतं, हे विकताना कुणी सांगत नाही.

धुण्याचं मामांनीच विचारलं, म्हणजे फडक्याच्या पुढे काय करावं. सावलीत रीळ गार होऊ द्यायचं. ड्रॅग पूर्ण आवळायचा, म्हणजे स्पूलमध्ये पाणी जाणार नाही. झाडांना मारायच्या फवाऱ्याने गोडं पाणी हलकेच, धार नाही, बुडवणं नाही. पुसून ड्रॅग सैल करायचा आणि रात्रभर उघड्यावर सुकवायचं. आठवड्यातून एकदा लाइन रोलरला आणि हँडलच्या मुठीला तेलाचा एकेक थेंब.

बऱ्याच वेळाने भाचा म्हणाला, "नवीन नको. हेच करा, सुटे भाग मागवा." भाग यायला आठ-दहा दिवस लागणार होते. नवीन रोलर आणि त्याचं बेअरिंग तेवढं माझ्याकडे होतं. ते मी त्यालाच बसवायला दिलं. पहिल्या खेपेला पातळ चकती विसरला, चूक त्याची त्यालाच कळली, स्क्रू पुन्हा काढला. दुसऱ्यांदा तेलाचा थेंब सोडून बोटाने टिचकी मारली आणि रोलर आवाज न करता फिरत राहिला. मामा तोवर चष्मा वर करून आप्पेपात्रातल्या खळग्यांकडे बघत होते.

"यातलं आमच्या रिळात किती असतं?" त्यांनी विचारलं.

मी मोजून दाखवलं. जवळजवळ अर्धं.