बोलोन्यातली एकादशी

८ डिसेंबर

आज इमाकोलाता, मेरीमातेचा सण. इटलीत नाताळ आजपासून घरात शिरतो. झाड आजच उभं राहतं, गोठ्याचा देखावा आजच मांडला जातो. गेल्या वर्षी आमच्या देखाव्यातल्या बैलाचं शिंग मोडलं होतं, म्हणून सकाळी बायकोबरोबर स्त्रादा माज्योरेवरच्या सांता लुचियाच्या जत्रेत गेलो. सेर्वी चर्चच्या कमानींखाली ओळीनं दुकानं लागतात. मातीचे मेंढपाळ, गाढवं, बोटभर उंचीच्या भाकरीवाल्या. पोळ्याच्या बाजारात हिंडल्यासारखा चार ठिकाणी बैल पाहिला आणि शेवटी पहिल्याच दुकानातला घेतला. बायको वैतागली.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "२१ तारखेला या. रिकाम्या हातांनी आलात तरी चालेल, हात तेवढे आणा."

२१ डिसेंबर

रात्रीचे साडेअकरा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात काही शिल्लक आहे असं वाटत नाही.

आमच्याकडे जावई म्हणजे अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण जेवणारा, तेहतीस अनारसे आणि वर चांदीचं काहीतरी घेऊन घरी जाणारा माणूस. इथे जावयानं सकाळी नऊला हात धुऊन टेबलाशी बसायचं आणि पडेल तितके तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेले चिमुकले पास्ते, वळायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, गंमत म्हणून बसवलंय, दहा-बारा झाले की उठवतील.

सारण काल रात्रीच तयार होतं. सासूबाई प्रमाण बघत नाहीत, पण प्रमाण आहे, आणि ते सरकारदरबारी आहे. ७ डिसेंबर १९७४ रोजी इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये तोर्तेल्लिनीच्या सारणाची कृती रीतसर नोंदवली गेली. हजार नगांना लोण्यावर परतलेलं डुकराच्या कमरेचं मांस ३०० ग्रॅम, प्रोश्युत्तो (डुकराचं खारवलेलं मांस) ३००, मोर्तादेल्ला (डुकराचंच सॉसेज) ३००, पार्मिज्यानो चीज ४५०, अंडी तीन. आणि जायफळ. जायफळाला वजन नाही. कृतीत शब्द आहे तो 'वास'. जायफळाचा एक वास.

तेवढंच खातं माझ्याकडे आहे. मी माळकरी घरातला. माळ माझ्या गळ्यात नाही, पण मांस कधी खाल्लेलं नाही, आणि या घरात सात नाताळ काढूनही खाल्लेलं नाही. सारण कच्चंच चाखून मीठ बघतात, ते मला जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा पहिल्याच वर्षी सासूबाईंनी माझ्या हातात जायफळ आणि किसणी ठेवली. "तू चाखू नकोस, हुंग. कळलं पाहिजे, पण सापडता कामा नये." त्या वर्षी दोनदा 'सापडलं'. आता त्या नुसत्या मान डोलावतात.

(पार्मिज्यानो वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात हे मला चौथ्या वर्षी कळलं. तोवर मी किती खाल्लं होतं त्याचा हिशोब विठोबाकडे असेल. साताऱ्याला कळवलेलं नाही.)

स्फोल्या, म्हणजे पारी, सासूबाई स्वतः लाटतात. १०० ग्रॅम पिठाला एक अंडं, पाणी नाही. लाटणं हातभर लांब, फळी दारासारखी, आणि पारी एवढी पातळ की खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालीत. तळव्यांनी लाटता येतं, पण चिमटीत धरून दाबता येत नाही. हे त्या बोलून दाखवत नाहीत. गेल्या वर्षी दोन-तीनशे त्यांनी वळले होते, यंदा एकही नाही. "मी लाटते, तुम्ही बंद करा," एवढंच म्हणाल्या, जणू कायम असंच चालत आलंय.

पारी वाळली की कड चिकटत नाही, म्हणून घाई. आमच्याकडे करंज्यांच्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली झाकतात, तसंच इथेही. पेराएवढे चौकोन कापायचे, मध्ये हरभऱ्याएवढं सारण, तिरकी घडी, मग करंगळीभोवती गुंडाळून टोकं दाबायची. जाड बोटांच्या माणसानं हे काम करू नये. माझा साडू मोदेनाचा. तो तर्जनीवर वळतो, नग मोठा होतो, आणि दर वर्षी सासूबाई तो दोन बोटांनी उचलून दिव्यासमोर धरतात.

मग मोदेना विरुद्ध बोलोन्या. दोन्ही शहरांच्या मधे कास्तेलफ्रांको एमिल्या नावाचं गाव आहे. तिथल्या खाणावळीत व्हीनस देवी उतरली, मालकानं किल्लीच्या भोकातून तिची बेंबी पाहिली आणि तसा आकार पिठाचा केला, अशी दंतकथा. आता बेंबी कोणाची? साडू म्हणतो, गाव मोदेना जिल्ह्यात आहे. सासूबाई म्हणतात, ते १९२९ पासून, त्याआधी आमच्याकडे होतं, आणि देवी काही १९२९ नंतर आली नव्हती. एका बेंबीवरून एवढा सीमावाद मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुपारी माझ्या मेहुणीनं २०१९ ची आठवण काढली. त्या ऑक्टोबरात सान पेत्रोनियोच्या, म्हणजे शहराच्या रक्षक संताच्या, उत्सवात नेहमीच्या तोर्तेल्लिनींबरोबर कोंबडीच्या सारणाचेही थोडे ठेवायचं ठरलं होतं, डुक्कर न खाणाऱ्यांसाठी. राजकारण्यांनी त्यावरून 'आपली संस्कृती संपली' इथपर्यंत मजल नेली. सासूबाईंना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या लाटत होत्या. "कोंबडीचं सारण कोरडं होतं," म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत ९१४. पाहुण्यांच्या पलंगावर चादर अंथरून ओळीत मांडले. साडेतीनशे तरी माझे असतील. ओळखूही येतात, कारण शेवटच्या दाबाला माझ्या अंगठ्याकडून आपोआप एक बारीक मुरड पडते. लहानपणी आईशेजारी बसून करंज्यांना मुरड घालायचो, ते बोटांतून जात नाही. पहिल्या वर्षी सासूबाईंनी असे सगळे वेगळे काढले होते.

२४ डिसेंबर

आज ला विजिल्या, नाताळची पूर्वसंध्या. कॅथलिक रीतीनं आज मांस वर्ज्य, जेवण 'दी माग्रो', म्हणजे हलकं, उपासाचं.

उपासाचं टेबल असं: टूना घातलेली स्पगेत्ती (बोलोन्यात आजच्या रात्री हीच), बाकाला म्हणजे खारवलेला कॉड मासा, कोमाक्योची व्हिनेगरातली वाम, बटाटे, दोन भाज्या, पांढरी वाइन, आणि मग संत्री, अक्रोड, चेर्तोझिनो. एकादशी, दुप्पट खाशी. बायकोला ही म्हण मी पहिल्या वर्षीच शिकवली होती, आज तिनं ती सगळ्यांना इटालियनमध्ये समजावून सांगितली आणि सासरे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

अमेरिकेतल्या इटालियन घरांत आज मोजून सात प्रकारचे मासे असतात. इथे सांगितलं तर कोणी मोजत नाही, 'सातच का?' विचारतात.

सासरे मांतोव्हाचे. त्यांच्या गावी आजच्या रात्री भोपळ्याचे तोर्तेल्ली होतात. आत लाल भोपळा, चुरलेली आमारेत्ती बिस्किटं, मोस्तार्दा (मोहरीच्या तिखट पाकातली फळं), पार्मिज्यानो, आणि वरून लोणी नि सेजची पानं. सासू-सासऱ्यांच्या लग्नानंतर बरीच वर्षं ते या घरात होत नव्हते, कारण सासूबाईंच्या मते गोड सारण जेवणात म्हणजे गोंधळ. मी आल्यावर पुन्हा सुरू झाले. खाऊ तरी काय घालणार याला, असा प्रश्न होता आणि उत्तर सासऱ्यांच्या लहानपणात सापडलं. मला पहिल्या घासाला भोपळ्याचे घारगे आठवले. आज सासऱ्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि सासूबाईंकडे न बघता म्हणाले, "जावयासाठी केलंय म्हणून खातो."

चेर्तोझिनोबद्दल लिहायला हवं होतं, मध-बदाम-चॉकलेटचा तो काळा जड केक महिनाभर आधी करून मुरवतात. पण झोप आली.

२५ डिसेंबर

'नाताळ आपल्या माणसांत, ईस्टर हवं त्याच्यासोबत' अशी इथली म्हण. अकरा माणसं होतो.

रस्सा पहाटेपासून मंद आचेवर. नाताळासाठी मुद्दाम पोसलेला खस्सी कोंबडा, बैलाचं मांस, हाड, सेलरी, गाजर, कांदा. रस्सा उकळायचा नाही, नुसता थरथरायचा, आणि फेस काढत राहायचं. तोर्तेल्लिनी त्यातच दोन-तीन मिनिटं. साडूनं रश्श्याऐवजी क्रीममधल्या तोर्तेल्लिनींचा विषय काढला, दर वर्षी काढतो, मुद्दाम.

माझ्या ताटात कालचे उरलेले भोपळ्याचे. समोर सगळे वाडग्यांत तोंडं घालून बसलेले. पहिली पाच मिनिटं इथे कोणी बोलत नाही, फक्त चमचे. मग सासूबाईंनी चमचा अर्ध्यावर थांबवला, त्यातल्या एकाकडे नीट पाहिलं आणि मला दाखवला. बारीक मुरड. काही म्हणाल्या नाहीत, खाल्ला. पुढे जरा वेळानं कळलं की त्या वाडग्यातून तसलेच शोधून काढत होत्या. बायकोनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

नंतर रश्श्यातलं मांस हिरव्या चटणीसोबत, मग पानेत्तोने की पांदोरो, नाताळच्या या दोन केकांचा वाद. २००५ पासून सरकारनं दोन्हींची व्याख्याच केलीय, पानेत्तोनेत लोणी किमान १६ टक्के, पांदोरोत २०. मी पांदोरोवाला. उघड आहे. मग तोंबोला, म्हणजे आपली हौजी, संत्र्याच्या सालींचे तुकडे करून आकड्यांवर ठेवतात. मी हरलो.

२६ डिसेंबर

सांतो स्तेफानो, संत स्टीफनचा दिवस. सुट्टी, उरलंसुरलं. सकाळी सासूबाईंकडूनच साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंना मराठी येत नाही, आईला इटालियन नाही, तरी दोघी एकमेकींना मोठ्यानं बोलून समजतं असं धरून चालतात. सासूबाई आतून न शिजवलेल्या तोर्तेल्लिनींचा ट्रे घेऊन आल्या, त्यातला एक उचलला आणि कॅमेऱ्याच्या इतका जवळ नेला की पडद्यावर नुसती ती घडी.

"अगंबाई, मुरड घातलीय की!" आई म्हणाली. "तू केलंस?"

"हो."

"आत काय घातलंस रे?"

"जायफळ," मी म्हणालो.