जुन्या कायद्याचे सर

"हे आमचे एव्हिडन्सचे सर. जुन्या कायद्याचे." लग्नाच्या हॉलमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बायकोला माझी अशी ओळख करून दिली. वाकून नमस्कारही केला. सेशन्स जज झालाय आता. बोलण्यात खोट नव्हती, तरी रात्री झोप लागेना.

जुन्या कायद्याचे! म्हणजे १८७२च्या, स्टीफनसाहेबांनी रचलेल्या पुरावा कायद्याच्या. १ जुलै २०२४ला तो गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. १६७ कलमांची १७० झाली, आशय बराचसा तोच. मृत्युपूर्व जबानी कलम ३२मधून २६मध्ये गेली, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या ६५-बीचं ६३ झालं. आणि माझं लाडकं २७, आरोपीने पोलिसांना दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढी माहिती पुराव्यात घेणारं? सुरा सापडणं वेगळं आणि तो कुठे लपवलाय हे आरोपीला ठाऊक असणं वेगळं, हे पुलुकुरी कोट्टय्या खटल्याचा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल घेऊन समजावताना माझा आवाज चढायचा. ते आता स्वतंत्र कलमसुद्धा नाही. २३च्या परंतुकात, 'परंतु' म्हणून जोडलेल्या शेपटात बसवलंय. परंतुकात!

वकिली केली असती तर... अण्णांना तेच हवं होतं. जाऊ दे.

मथुरा प्रकरणात, पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने पोलिसांना निर्दोष सोडलं, त्या निकालावर १९७९ साली बक्षी, केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघा प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पुढे १९८३ला, अशा खटल्यांत स्त्रीने संमती नव्हती म्हटलं तर ती नव्हतीच असं गृहीत धरणारं कलम ११४-अ आलं. मास्तरकी अशीही करता येते. मी उत्तरपत्रिका तपासल्या. प्राचार्यपदाचं तर बोलायलाच नको.

जुन्या कायद्याचे. पण तो तरी कुठे नव्या कायद्याचा आहे? पहाटे उठून नव्या कायद्याचं शेवटचं कलम, १७०, काढलं. १ जुलैआधीपासून चालू असलेले तपास, खटले, अपिलं, सगळं जुन्याच कायद्याने चालवायचं. म्हणजे साहेबांच्या बोर्डावर त्या तारखेआधीचा जो जो खटला असेल, त्यात मेमोरँडम पंचनामा, म्हणजे पंचांसमोर नोंदलेलं आरोपीचं निवेदन, २७खालीच वाचला जाणार, पंच फितूर झाले तरी. आणि आपल्याकडची तारखांची रीत पाहता हे दोघांच्याही निवृत्तीपर्यंत पुरेल. न्यायालयांच्या दिरंगाईवर मी इतका खूश कधीच नव्हतो.

सोमवारच्या तासाला वाटायला कोष्टक केलंय, डावीकडे जुनी कलमं, उजवीकडे नवी. मुलं उजवीकडचंच पाठ करणार, हे हिलाही माहीत आहे. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "डावीकडचा टाइप मोठा करा हवं तर."

केलाय.